करवलीचा पाट

पेण,
१० नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बापाचा फोन आला. मनोजचं लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी धरलं म्हणे. माझ्या भाच्याला एकदाची बायको मिळाली, आता तुमच्या घरातले ओले टॉवेल पलंगावरून उठतील अशी आशा आहे.

त्याच फोनवर दुसरीही बातमी कळली. मुलीकडची माणसं बोलणी करायला आली, चहा-पोहे झाले, टेमघरच्या खड्ड्यांना नावं ठेवून झाली आणि ती परत गेलीसुद्धा, तरी नवऱ्याची सख्खी बहीण आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेली. तिचं डोकं दुखतंय म्हणून तुझ्या आईने वेळ मारून नेली. लोळूबाई, मला खरं सांग, डोकं दुखत होतं की नुसतेच डोळे मिटत होते? तू चोवीस वर्षांची आहेस. तुझ्या वयाची असताना मी बालवाडी सांभाळून रात्री लग्नात धवले गात होते आणि पहाटे पाणी भरत होते.

आता नीट वाच. तू करवली आहेस. हळदीच्या रात्रीपासून अक्षता पडेपर्यंत नारळ घातलेला कऱ्हा हातात धरून तुला भावाच्या मागे उभं राहायचं आहे. कऱ्हा भुईला टेकवायचा नसतो. आपल्या आगरी लग्नात हळद कशी लांबते ते तू जाणतेस, आणि नवऱ्याइतकीच सगळ्या गावाची नजर करवलीवर असते. तिथे जांभई दिलीस तर मी तुझ्यावर धवला रचून भर मांडवात म्हणेन.

सोबत जवळा, नाचणीचे लाडू आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पाठवली आहेत. बालवाडीत होते तेव्हा गावातल्या सगळ्या मोठ्या पोरींना मी याच गोळ्या समोर उभी राहून गिळायला लावायची. रक्त वाढलं की अंगातला आळस आपोआप पळतो.

उत्तर पत्रानेच पाठव, फोनवर नको. फोनवर तू बरी आहे एवढंच म्हणतेस, आणि ते तर खाटेवरचा माणूसही म्हणतो. माझा लोभ आहे तसाच आहे, तू तेवढी उभी राहा.

तुझी,
गोदूआत्या


टेमघर, भिवंडी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. जवळा आईने संपवला, लाडू दादाने संपवले आणि गोळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत गेल्या. रागावू नकोस. माझ्या डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलंय, की तपासणीत कमी दिसल्याशिवाय लोह घ्यायचं नाही. माझं रक्त कमी आहे ते लोहावाचून नव्हे. सिकलसेलमध्ये रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात. अर्धा दोष आईकडून आला, अर्धा बाबांकडून, आणि माझ्यात येऊन तो पुरा झाला. आईबाबांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मी पाहिलेलं नाही. कढीपत्ता मात्र तरारून आलाय.

इथे थांबले होते. आता संध्याकाळ झाली आहे.

तू विचारलंस म्हणून खरं सांगते. डोकं दुखत नव्हतं आणि मला झोपही आली नव्हती. मी दमले होते. काही काम करून दमले असंही नाही. रात्रभर झोपून सकाळी उठते ती दमलेलीच. केस विंचरायला हात वर केला की तो अर्ध्यातून खाली येतो. परवा दूध उतू जात होतं. मला ते दिसत होतं, गॅस बंद करायला हवा हेही कळत होतं, आणि मी ओट्याजवळच्या खुर्चीत बसून ते बघत राहिले. आईने पातेलं घासताना मला जे सुनावलं ते तुझ्या धवल्यांपेक्षा लांब होतं.

पूर्णा गावातल्या गोदामात माझी ड्युटी बसूनच असते, कॉम्प्युटरवर आलेल्या मालाची नोंद करायची. पण भरपूर पाणी प्यायचं असा मला डॉक्टरांचा हुकूम आहे आणि बाथरूम गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे जाऊन आले की दिवसाचं बळ संपतं. म्हणून मी पाणी कमी पिते, आणि शेजारच्या टेबलावरची अक्सा माझ्यावर डोळे वटारून बाटली पुढे सरकवते. तीही तुझ्यासारखीच, जन्माची मास्तरीण.

आत्या, मला दुखतं तेव्हा सगळे धावतात. दादा गाडी काढतो, बाबा रिपोर्ट शोधतात, आई देवाला बोलते. मी दमते तेव्हा सगळे हसतात. हसतात त्याचं मला वाईट वाटत नाही, मीही हसते. पण कधीकधी वाटतं की दुखलेलंच बरं.

हे पुन्हा दुसऱ्या दिवशी लिहितेय.

करवली मी होणारच. शाळेत असताना दुखण्याने माझे पाय धरले की दादा मला सायकलवर बसवून घरी आणायचा. त्याचे मित्र क्रिकेट खेळायला थांबलेले असायचे आणि हा मला मागे घट्ट धरून बस म्हणत हळूहळू पेडल मारायचा. तो मागे वळून सारखा बघायचा, मी आहे ना म्हणून. त्याच्या लग्नात मला त्याच्या मागे असायचं आहे. एवढंच मागणं आहे. कसं जमेल ते मला माहीत नाही.

अक्षर शेवटी शेवटी बिघडलंय, बालवाडीच्या बाईंनी मार्क कापू नयेत. लोभ वाढू दे, गोळ्या मात्र नकोत.

तुझी,
लोळूबाई


टेमघर, भिवंडी,
१ डिसेंबर २०२४

ती. बायस केसरीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही, पण फोनवर बोललो तर घरात सगळे ऐकतात. तुला एक काम सांगायचं आहे.

उन्नतीला करवली करायचं नाही असं मी ठरवलं आहे. करिष्मा करवली होईल. तीही तुझ्या भावाचीच पोर आहे, दणकट आहे, कबड्डी खेळते. उन्नतीसाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, समोर छोटा टेबल, त्यावर पाणी, अंगावर शाल. तिला कुणी हलवणार नाही. तिला हे सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली, भांडली नाही. एरवी टीव्हीच्या रिमोटवरून भांडणारी पोर.

बाय, तुला म्हणून सांगतो. तिला दुखायला लागलं की कळतं, दवाखान्यात नेता येतं. पण ती अशी गपगार पडून राहते तेव्हा मला काय करावं कळत नाही. आधी मीच तिला आळशी म्हणायचो. मागच्या आठवड्यात ती जिन्यात पायरीवर बसलेली दिसली, हातात भाजीची पिशवी. मी विचारलं तर म्हणाली, घर जवळच आहे बाबा, येते थोड्या वेळाने. आपलं घर पहिल्या मजल्यावर आहे. मला भीती वाटते. मांडवात शंभर माणसांसमोर ती पडली तर मी काय करू.

सख्खी बहीण असताना चुलत का, असं भावकी विचारणार. तू धवलारीण आहेस. मांडवात भटजीपेक्षा तुझं चालतं. तू एक शब्द टाकलास की कुणी तोंड उघडणार नाही. तेवढं कर. माझ्यावर माया आहे, ती या कामी लाव.

तुझा,
केसरीनाथ


पेण,
८ डिसेंबर २०२४

चि. केसरीनाथास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. साठीला आलास तरी वेलांटी कुठे द्यायची ते तुला अजून कळत नाही. बाकी पोरीवर जीव आहे तो बापाला शोभतो.

तू खुर्ची सांगितलीस, शाल सांगितलीस, पाणी सांगितलंस. तिच्या डोक्यावर छत्री धरून एक हार घातलास की झालं, लोक पाया पडून आहेर तिच्यासमोर ठेवतील. पोरीला बसायला जागा द्यावी, पण तिची जागा काढून घेऊन देऊ नये, एवढं तुझ्या टाळक्यात येईल तेव्हा येईल.

धवलारीण मी आहे हे तूच लिहिलंस. तेव्हा मांडवातलं मी बघते. करिष्माला करवली करायचं तर कर, मी मोडता घालत नाही. तू मंडपवाल्याकडे लक्ष दे. मागच्या लग्नात त्याचे पंखे नुसतेच टांगलेले होते.

तब्येतीला जप. चहात साखर कमी, माझ्यावरची माया जास्त असू दे.

तुझी बाय,
गोदूबाई


टेमघर, भिवंडी,
२६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुला कळलंच असेल. मला खुर्ची मिळाली आहे, गादीची. बाबा स्वतः मंडपवाल्याच्या गोदामात जाऊन तिच्यावर बसून बघून आले.

करिष्मा भली पोर आहे, तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ती पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून अंगणात उभं राहायचा सराव करते आणि पाय बदलत मला विचारते, की तुला वाईट तर वाटत नाही ना? मी नाही म्हणते. तिला खरं तर हळदीला नाचायचंय. तिने मैत्रिणींबरोबर चार गाण्यांचा नाच बसवला होता. करवली नाचायला लागली तर कऱ्हा कोण धरणार, म्हणून तोही गेला. म्हणजे बाबांनी एका फटक्यात दोन पोरींना आपापल्या जागेवरून उठवलं, एकीला बसवून आणि एकीला उभं करून.

मी भांडले का नाही, हे तू विचारशील. बाबांनी सांगितलं तेव्हा मी नुकतीच ड्युटीवरून आले होते. भांडायला लागतं तेवढं बळ त्या वेळी अंगात नव्हतं. उद्या भांडू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतक्या प्रेमाने शाल आणून दाखवली, की भांडायला तोंडच उरलं नाही. मला आळशी म्हणायचे तेच बरं होतं गं. तेव्हा निदान कामं तरी सांगायचे.

मी रडले नाही असं लिहिणार होते, पण तू अक्षरावरून ओळखशील. रडले. दादाला यातलं काही बोलू नकोस. तो लग्नाच्या गडबडीत आनंदात आहे.

तू लवकर ये. माझ्यावर लोभ असू दे, रागही चालेल, फक्त कीव नको.

तुझी,
उन्नती


पेण,
४ जानेवारी २०२५

चि. उन्नतीस अ. उ. आ. वि. वि.

कीव करायला मला वेळ नाही. मला खोकला झाला आहे आणि लग्न तोंडावर आलं आहे.

एक विचारते त्याचं उत्तर दे, उगाच पुराण लावू नकोस. कऱ्हा बसून मांडीवर धरला तर तुला किती वेळ झेपेल? हळद लावून होईपर्यंत झेपेल का? आणि थंडीने तुझं दुखणं उठतं ना, मग हळदीत पोरं एकमेकांवर पाणी उडवतात ते तुझ्या अंगावर आलं तर काय होतं?

हळदीच्या दिवशी दुपारभर झोप. आईने उठवलं तर आत्याने झोपायला सांगितलंय म्हण. तुझी कामं करिष्माला नकोत, मला सांग. आणि हो, तुला झोपवण्यासाठी आता मीच पत्र लिहितेय, ही गोष्ट पेणमध्ये कुणाला सांगू नकोस. माझी इथे पत आहे.

लोभ आहेच. पाणी पीत जा.

गोदूआत्या


(पोस्टकार्ड)
टेमघर, ११ जानेवारी २०२५

ती. आत्यास न. वि. वि. बसून झेपेल. मध्ये कुणी पाणी दिलं तर दोन हळदीही झेपतील. गार पाणी अंगावर नको, ते आलं की रात्री हाडं बोलतात. पण तू हे का विचारतेस? बाबा खुर्ची हलू देणार नाहीत. खोकल्याला गरम पाणी घे. उन्नती.


टेमघर, भिवंडी,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तू पोचल्याचा निरोप मिळाला. लग्नात तू होतीसच, मग मी हे का लिहितेय असं म्हणशील. आत्या, तू डोळे मिटून गातेस. समोर काय चाललं होतं ते तू पाहिलंच नाहीस. म्हणून सांगते.

दादा हळदीला बसला. मागे करिष्मा कऱ्हा घेऊन उभी होती, मी पहिल्या रांगेत शाल पांघरून. आईने हळदीची वाटी उचलली आणि तू धवला सुरू केलास. पहिली कडवी रोजचीच होती. मग हे आलं:

कऱ्हा घेते करवली गो, नवऱ्याची सख्खी बहीन,
उभी नका ठेवू तिना गो, टाका पाट आनून.
पाटाव बसं करवली गो, कऱ्हा तिच्या मांडीव,
मंग लावा हलद गो, नवऱ्याच्या अंगाव.

मागच्या बायकांनी ते सवयीने झेललं. आईची वाटी हवेत थांबली, कारण धवल्यात जे म्हटलं ते झाल्याशिवाय पुढचं करायचं नाही, हे तिला तिच्या सासूने शिकवलंय. तू पुढे गेली नाहीस. तेच कडवं पुन्हा म्हटलंस, आणि पुन्हा. बँजोवाले एकमेकांकडे बघायला लागले. दादा हळदीविना उघड्या अंगाने कुडकुडत बसलेला. सगळ्या बायका बाबांकडे बघत होत्या, आणि बाबा तुझ्याकडे. तू तर आरामात डोळे मिटून गात होतीस.

शेवटी बाबा उठले आणि घरात गेले. पाट म्हणून घरात एकच निघाला, पिठाच्या डब्याखालचा. तो त्यांनी तसाच आणला, वर पिठाचं गोल कडं असलेला, आणि दादाच्या मागे टाकला. करिष्माने कऱ्हा माझ्या हातात असा दिला, जशी काही गरम कढईच होती. मी बसायच्या आत ती बँजोवाल्यांजवळ पोचलीसुद्धा. पलीकडच्या आळीतल्या ठकुबाई आहेत ना, सगळ्यात म्हाताऱ्या, त्या मान हलवून शेजारणीला म्हणाल्या, आमच्या सासूच्या वखताला पन करवली पाटावच बसाची, आताच्या लोकांना कायच ठावं न्हाय. मग भावकीत कुणाची बोलायची टाप नव्हती.

पोरं पाणी उडवायला आली तेव्हा बाबा पाठ करून माझ्यापुढे उभे राहिले. त्यांचा नवा झब्बा पार गेला.

हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी तू पुन्हा डोळे मिटलेस, म्हणून हेही ऐक. स्टेजवर झगमगीत सोफा होता, आणि बाबा सूटबूट घालून, बगलेत पिठाचा पाट धरून, सगळ्या पाहुण्यांमधून चालत आले. मुलीकडच्या एका बाईंनी हे काय म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, आमच्यात असतंच.

अक्षता पडायच्या आधी दादाने मागे वळून बघितलं. मुंडावळ्या बाजूला करून, सायकलवर बघायचा तसं. मी होते.

त्यानंतर मी सलग झोपले. नवी वहिनी घरात आली, तिचं स्वागत झालं, जेवणं झाली, मला काही माहीत नाही. आई सांगते की बाबा माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तीच गादीची, मंडपवाल्याला परत दिलीच नाही. करवली कुठे आहे म्हणून कुणी हसत आलं की ते सांगत, दमली आहे. डोकं दुखतंय असं नाही सांगितलं. आत्या, मला त्या एका शब्दाने इतकं बरं वाटलं, की आणखी झोप लागली.

आता खरं सांग. ते कडवं जुनं आहे की तू रचलंस? ठकुबाईंची सासू मी कुठे शोधू?

लोभ किती आहे ते कळलं. तो मोजायला आता पत्र नको.

तुझी,
करवली


पेण,
१८ मे २०२५

चि. उन्नतीस अ. उ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लग्नसराई होती, धवलारणीला या दिवसांत मरायलाही सवड नसते. तुझं अक्षर या खेपेला सरळ ओळीत आहे, दहातले आठ मार्क दिले. दोन कापले ते आत्याचं भांडं फोडू पाहतेस म्हणून.

परवा शेजारच्या गावात हळद होती. करवली चांगली आडदांड होती, एका हाताने कऱ्हा आणि दुसऱ्याने मोबाईल धरणारी. तिला कशाला बसवायचं म्हणून मी ते कडवं गाळून पुढे गेले. तर मागच्या बायकांनी गाणंच थांबवलं. एकजण मलाच म्हणते, बाय, पाटाचं रायलं. मी म्हटलं, राहू दे, उशीर होतोय. तर म्हणे असं कसं, ते तर आपल्या आजीच्या आजीपासून चालत आलंय. माझ्याच गाण्यासाठी मीच ओरडा खाल्ला. मग म्हणावं लागलं, पाट आला, आणि ती पोर तोंड वाकडं करून बसली. अलीकडच्या दोन-तीन गावांतही म्हणतात असं ऐकते. पाट नसेल तर प्लास्टिकचं स्टूल आणतात.

तेव्हा ते किती जुनं म्हणून मला विचारू नकोस. तुझं नोव्हेंबरचं पत्र काढून बघ, दूध उतू गेल्याच्या पुढे तुझं अक्षर जिथे उताराला लागलं, तेवढं जुनं आहे. तुला लोळूबाई म्हणणारी मीच, आणि त्या दिवशी पत्र हातात घेऊन मी दुपारभर तशीच बसले होते, स्वयंपाक केला नाही. बाकी तू लोळतेस हे खरंच आहे, ते मी मागे घेत नाही.

मघाशी मनात आलं ते सांगते आणि थांबते. आता आमच्या बाजूला सगळ्याच करवल्या बसतात. त्यांतली एखादी खरीच दमलेली असेल, आणि तिने ते कुणाला सांगितलेलं नसेल. तिला आता सांगावं लागणार नाही.

लोभ पाटासारखा पक्का असू दे, पिठाचा डबा वर ठेवला तरी चालेल.

तुझी,
गोदूआत्या